जुन्या जीपचे इंजिन घरच्या अंगणात

जीप ही गाडी आपल्याकडे साहेबांची गाडी म्हणूनच ओळखली गेली. जंगल खात्याचे अधिकारी, फौजदार, मामलेदार आणि निवडणुकीला उभे राहणारे पुढारी यांना आपण जीपमधून उतरताना पाहिले. कष्टकऱ्याच्या दारात ती आली ती बहुधा सरकारी लिलावातून, तेही साहेबांनी वापरून वापरून तिचा जीव अर्धा केल्यावर. आमच्या घरची जीपही तशीच आली. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी घर शाकारले आणि उरलेल्या पैशात उंच बॉनेटची एक पेट्रोल जीप लिलावात घेतली. नातेवाईक हसले, पण आमचे घर घाटाच्या वरच्या अंगाला आहे. डांबरी रस्ता संपल्यावर तीन किलोमीटर लाल मातीची चढण लागते आणि पावसाळ्यात तिथे दुसरी गाडी चढत नाही.

त्यामुळे ही जीप आमच्या एकट्याची राहिली नाही. वाडीचे धान्य, खताची पोती, शाळेची बाके, वेळप्रसंगी आजारी माणूसही तिच्यातूनच गेला. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते, तिथपर्यंत पोहोचवायचे काम जीपचे. गेल्या श्रावणात शेजारच्या वस्तीतील एक बाळंतीण अशीच न्यायची होती. मधल्या टेकाडाची चढण लागली आणि जीपने मान टाकली. इंजिन चालू होते, निळा धूर ओकत होते, पण चाकांना जोर मिळेना. शेवटी चार माणसांनी चादरीची झोळी करून तिला पावसात पुढे नेले. बाई आणि मूल दोघे सुखरूप आहेत. पण ‘पुढच्या पावसाळ्यात काय?’ हा प्रश्न त्या दिवसापासून घरात बसून होता.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितले, ‘इंजिन संपले. डिझेल इंजिन टाका, नाहीतर भंगारात द्या.’ डिझेल इंजिनाचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. शिवाय इंजिन बदलले की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद लागते, तीही धावपळ. भंगारवाला तर किलोच्या भावाने न्यायला तयारच होता. घरात आठ दिवस वाद झाला आणि वडील म्हणाले, ‘उघडून मोजल्याशिवाय मेले म्हणायचे नाही.’ १४ एप्रिलची जयंती झाली की काम हाती घ्यायचे आणि मृगाच्या आत संपवायचे, असे ठरले. ते कसे केले ते इथे सविस्तर देत आहोत, कारण अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ घरांच्या मागे उभ्या आहेत.

हे इंजिन आले कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने जीप बनवली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला डेल्मर रूस या इंजिनिअरने घडवले होते. ते ६० अश्वशक्तीचे होते आणि त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच होते. युद्धानंतर त्याच ब्लॉकवर सुधारणा झाली. हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे ताकद ७० च्या वर गेली, पण इंजिन उंच झाले आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. १९५३ साली आलेली ही उंच बॉनेटची जीप पुढे महिंद्र कंपनीने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवली.

हे इंजिन २१९९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास मात्र १११ मिलिमीटर. व्यासापेक्षा प्रवास लांब असल्यामुळे इंजिन फार जोरात फिरत नाही, पण हळू फिरताना ओढते चांगले. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपासच त्याची ओढ सर्वांत जास्त असते. चिखलात आणि चढणीवर हाच गुण कामाला येतो.

उघडण्याआधी नाडी बघा

वैद्य जसा आधी नाडी बघतो, तसे इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन बघावे. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि करंट बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायचा. आमचे आकडे असे आले: ६०, ८५, ८० आणि ५५ पौंड. चांगल्या इंजिनात ते शंभराच्या वर हवेत आणि चार सिलिंडरमध्ये दहा पौंडांपेक्षा जास्त फरक नसावा.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर दोष रिंगा आणि सिलिंडरचा, कारण ऑइल तेवढ्यापुरती फट बुजवते. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. आमच्याकडे पहिल्या तीन सिलिंडरचे आकडे चढले, चौथ्याचा जेमतेम हलला. म्हणजे रिंगा तर गेल्याच होत्या, शिवाय चौथ्याचा व्हॉल्व्हही जळला असणार. उघडल्यावर तसेच निघाले.

खोलताना शिस्त हवी

आंब्याच्या झाडाच्या फांदीला इंजिन टांगू नका. आम्ही तीन लोखंडी पाइपांची तिकाटी उभी करून भाड्याची चेन कप्पी लावली. लटकत्या इंजिनाखाली हात किंवा पाय घालायचा नाही, हा नियम लहानमोठ्या सर्वांना सारखा. बॅटरी आधीच काढून ठेवली. पेट्रोलची टाकी रिकामी करून डबा चुलीपासून लांब, बंद ठेवला.

पुतणी दहावीची परीक्षा देऊन मोकळी होती. तिने दोनशे पानी वही घेतली. निघालेला प्रत्येक भाग कुठला, कोणत्या बाजूला तोंड करून होता, त्याचे बोल्ट किती लांब, हे ती लिहायची आणि चित्र काढायची. व्हॉल्व्ह आणि टॅपेट पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचले. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांची जोडी कधीही मोडू नये. आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या बांधून जोड्या एकत्र ठेवल्या.

या इंजिनाच्या दोन खोड्या सांगून ठेवतो. हेडचा एक बोल्ट कार्बोरेटर काढल्यावर खालच्या भोकात, आत लपलेला असतो. बाकीचे सगळे सोडवून हेड निघत नाही म्हणून पहारीने उचकटायला गेले तर हेडच फुटते. दुसरी खोडी बाजूच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. त्यांचे बारीक लॉक काढताना आतल्या भोकांत आधी चिंध्या कोंबाव्यात. लॉक निसटला तर थेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातो.

मोजमाप म्हणजेच न्याय

सुटे भाग रॉकेलने धुऊन पुसल्यावर खरा प्रश्न आला. धाकट्या भावाचे म्हणणे, नुसत्या रिंगा बदलून ‘हाफ इंजिन’ करावे, खर्च निम्मा होईल. वडिलांचे म्हणणे, आधी मोजा. भाऊ आयटीआय झालेला आहे. त्यानेच तालुक्यातून बोअर गेज आणि मायक्रोमीटर मागून आणला.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात, जिथे रिंगा वळतात आणि स्फोटाची उष्णता असते, तिथे तो जास्त झिजतो आणि खाली कमी. त्यामुळे तो नरसाळ्यासारखा वर रुंद, खाली अरुंद होतो. इंचाच्या हजाराव्या भागाला मेकॅनिक ‘थाऊ’ म्हणतात. आमचा चौथा सिलिंडर वर आणि खाली यांत १२ थाऊंचा फरक दाखवत होता. इतक्या निमुळत्या भोकात नवी रिंग प्रत्येक फेरीला उघडझाप करते आणि लवकर मरते. वहीतला आकडा बघून भाऊ स्वतःच म्हणाला, ‘बोअर करावेच लागेल.’ वाद तिथे मिटला. मोठ्याचे ऐकायचे की शिकलेल्याचे, हा प्रश्नच उरला नाही.

घरी काय करायचे आणि लेथवर काय पाठवायचे, हे नीट समजून घ्यावे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासणे, व्हॉल्व्हच्या सीट कापणे, हेडची पातळी करणे ही कामे मशिनचीच. ती घरी करण्याचा हट्ट धरू नये. खोलणे, धुणे, मोजणे, व्हॉल्व्ह पेस्टने बसवणे, जुळवणी आणि ट्यूनिंग ही कामे मात्र घरी होतात, आणि मजुरीचा मोठा भाग याच कामांचा असतो. आमचे सिलिंडर ३० थाऊंनी मोठे करून त्या मापाचे पिस्टन घेतले. क्रँक २० थाऊंनी घासून त्या मापाची बेअरिंग घेतली. पिस्टन आधी विकत घेऊन लेथवाल्याच्या हातात द्यावेत, म्हणजे तो पिस्टन मोजून त्याप्रमाणे भोक करतो.

शिशाचे पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. जुन्या काळी ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिचे रक्षण करायचे. म्हणून जुने इंजिन उघडलेच आहे तर एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या आहेत ना, हे बघून घ्यावे.

जुळवणी

लेथवरून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण होनिंगची बारीक वाळू भोकात चिकटलेली असते. ती रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासावे लागते. पांढरे फडके आत फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत हे काम आमच्या वहिनींनी केले, आणि लगेच ऑइलचा हात दिला, नाहीतर तासाभरात गंज धरतो. ऑइलच्या गल्ल्या तारेच्या ब्रशने आणि हवेने मोकळ्या केल्या.

पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट मोजायची जुनी रीत फार सोपी आहे. तीन थाऊंची लांब फिलर पट्टी सिलिंडरच्या भिंतीला लावून पिस्टन रिंगांशिवाय, उलटा आत सोडायचा आणि पट्टी स्प्रिंगकाट्याने ओढायची. पाच ते दहा पौंडांच्या ओढीला पट्टी निघाली तर फट बरोबर. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट बघायची. या व्यासाला ती दहा-बारा थाऊ असली म्हणजे ठीक. कमी असली तर रिंग तापल्यावर फुगून टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडतो.

क्रँकच्या पुढच्या टोकाला पातळ शिम असतात. त्या कमीजास्त करून क्रँकची पुढेमागे हालचाल चार ते सहा थाऊ ठेवली. टायमिंग गिअरच्या खुणा एकमेकींसमोर आणल्या. ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेरून बसतो, पण त्याचाच दांडा पलीकडच्या डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. पंप एक दात जरी चुकून बसला तरी डिस्ट्रिब्युटरची दिशा बदलते. म्हणून पहिला पिस्टन वर आणून, खाच बघूनच पंप बसवावा, आणि बसवण्याआधी त्यात ऑइल भरावे. कोरडा पंप ऑइल ओढायला वेळ लावतो आणि तेवढ्यात नवी बेअरिंग घासतात.

ऑइल घेणारी जाळी या इंजिनात तरंगती असते. ती चेंबरच्या तळाचा गाळ न ओढता वरचे स्वच्छ ऑइल घेते. तिचा सांधा आम्ही मोकळा हलतो ना ते पाहिले, कारण तो जाम झाला तर चढणीवर गाडी कलली की ऑइल मिळत नाही.

हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत, मधून सुरुवात करून बाहेर जात, तीन फेऱ्यांत. शेवटची फेरी ६० ते ७० फूट-पौंडांवर. लपलेला बोल्ट विसरू नये. इंजिन थंड असताना इनलेटची फट १८ थाऊ आणि एक्झॉस्टची १६ थाऊ ठेवली. इनलेटची वर रॉकरवर जुळते, एक्झॉस्टची बाजूचे झाकण काढून.

ट्यूनिंग

बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात इंजिन गाडीत चढले. प्लग न लावता स्टार्टर मारून आधी ऑइलच्या काट्याला हलवले, मगच प्लग लावले. प्लगची फट ३० थाऊ, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची २० थाऊ. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचाही हाच असतो. वायरी चुकीच्या क्रमाने लावल्या तर इंजिन ठसकते, पण चालत नाही.

टायमिंग पिस्टन माथ्यावर येण्याच्या पाच अंश आधी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पुलीची खूण पाच अंशांवर आणायची, पॉइंटच्या वायरीपासून बॅटरीपर्यंत छोटा दिवा जोडायचा आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी दिवा बदलतो, तिथेच आवळायचा.

पहिल्यांदा चालू झाल्यावर इंजिन नुसते आयडलवर ठेवायचे नाही. वीस मिनिटे दीड ते दोन हजार फेऱ्यांवर चालवावे, म्हणजे कॅमला आणि टॅपेटला भरपूर ऑइल मिळते. हे काम उघड्यावर करावे. बंद पडवीत किंवा शेडमध्ये एक्झॉस्टचा धूर साठला तर माणूस गुदमरून मरतो, आणि त्या विषारी वायूला वास नसतो. पोरांना आम्ही लांब ओट्यावर बसवले होते.

कार्बोरेटरचे मिश्रण जुळवायला व्हॅक्यूम गेज कामाला येते. आयडलचा स्क्रू हळूहळू फिरवून काटा जास्तीत जास्त वर आणि स्थिर येईल तिथे थांबायचे. चांगल्या इंजिनात तो समुद्रसपाटीला १८ ते २० इंचांवर उभा राहतो. घाटमाथ्यावर मात्र हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरावे. ठरावीक तालात काटा थरथरला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे समजावे. काही किलोमीटर चालवून प्लग काढून बघावेत. खाकी रंग चांगला, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा भुरका म्हणजे पेट्रोल कमी.

इथे आजच्या पेट्रोलचा विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि चढणीवर इंजिन तापते. आम्ही जेट एक नंबर मोठा घातला. इथेनॉल जुने रबर खाते, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतला. ते हवेतले पाणीही ओढते. तेव्हा महिनोन्महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये.

ट्यूनिंगची खरी परीक्षा चढणीवर. ॲक्सिलरेटर दाबल्यावर खड्यांसारखा खळखळ आवाज आला तर टायमिंग पुढे गेले आहे, थोडे मागे घ्यावे. आवाज नाही पण जोरही नाही, तर थोडे पुढे. गाडी तिरकी उभी असताना इंजिन बुडून बंद पडत असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोटची पातळी तपासावी. धुळीच्या रस्त्याला जुना ऑइलचा एअर फिल्टर उत्तम, पण त्यातले ऑइल बदलले पाहिजे. गाळलेली धूळ त्याच्या तळाशी चिखल होऊन बसते, आणि तीच धूळ सिलिंडरमध्ये गेली तर सगळी मेहनत एका उन्हाळ्यात फुकट जाते.

हिशेब

पाचशे किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळले, टॅपेट पुन्हा जुळवले, ऑइल बदलले. हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन घेतले: ११८, १२०, ११५ आणि ११८. आयडलला ऑइलचा काटा दहा पौंडांच्या वर, रस्त्यावर पस्तिशीच्या आसपास. पूर्वी दीडशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणाऱ्या गाडीत हजार किलोमीटरमध्ये घालावे लागले नाही. लेथ, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, रबर आणि भाड्याची हत्यारे मिळून गॅरेजवाल्याच्या डिझेल इंजिनाच्या निम्म्याहून कमी पैसे गेले. वेळ मात्र सहा आठवड्यांचे रविवार आणि रोजच्या संध्याकाळी गेल्या.

मृग बरसल्यावर तिसऱ्याच दिवशी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना दम लागला. मधले टेकाड जीपने दुसऱ्या गिअरमध्ये चढले. बाबा डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिकेत बसले तेव्हा त्यांचे कपडे कोरडे होते.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एक कॉम्प्रेशन गेज, एक फिलर गेज आणि एक वही घ्यावी. टॉर्क पाना आणि चेन कप्पी भाड्याने मिळतात. घरात फिटर, वेल्डर, आयटीआयचा पोरगा असेल तर त्याला हाक मारावी, आणि वही शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हातात द्यावी. पुतणीची वही आता वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्याने मागून नेली आहे. तो त्याच्या इंजिनाचे आकडे शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे.